मलकापूरच्या छावणीतला शौल राजा

फेब्रुवारी १६१२. वऱ्हाडात मलकापूरला मोगली फौजेचा तळ पडला होता. सरदार होता खानजहान लोदी, आणि मोहीम होती मलिक अंबरवर. बेत असा होता की अब्दुल्लाखानाने गुजरातेतून नाशिक-त्र्यंबकच्या वाटेने उतरायचे, खानजहान, राजा मानसिंग वगैरे मंडळींनी वऱ्हाड-खानदेशाकडून सरकायचे आणि दोघांनी मिळून अंबरला मधे कोंडायचे. अब्दुल्लाखानाला श्रेयात वाटेकरी नको होता. तो दुसऱ्या फौजेची वाट न बघता पुढे घुसला. अंबरच्या घोडदळाने त्याची रसद तोडली, पिच्छा पुरवला, आणि तो मार खाऊन गुजरातेत परतला. वऱ्हाडातली फौजही मग बुऱ्हाणपूरकडे माघारी वळली.

मोहीम फसली. पण त्याच तळावर दुसरे एक काम सुरू झाले होते आणि ते मात्र तडीस गेले. जहांगीरच्या दरबारात पूर्वी वाकेनवीस असलेला नियामतुल्ला हेरवी हा इसम खानजहानच्या पदरी होता. हैबतखान काकर नावाच्या पठाण गृहस्थाने त्याला अफगाणांच्या वंशावळी, दंतकथा, ऐकीव हकिकती गोळा करून दिल्या. हिजरी १०२० च्या जिल्हेज महिन्यात नियामतुल्लाने मलकापूरला लेखणी उचलली आणि वर्षभराने बुऱ्हाणपुरात ग्रंथ पुरा केला. ‘तारीख-ए-खानजहानी व मखजन-ए-अफगाणी’ हे त्याचे नाव. पठाण म्हणजे इस्राएलचा पहिला राजा शौल, कुराणातला तालूत, याची लेकरे. ही गोष्ट आज पेशावरपासून रोहिलखंडापर्यंत जो तो सांगतो, तिचा पहिला सविस्तर लेखी मजकूर तो हाच. तो काबूल-कंदाहारात लिहिला गेला नाही, नळगंगेच्या काठी वऱ्हाडात लिहायला घेतला गेला. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

आम्हा परतवाडेकरांना तिच्यात रस असण्याचे कारण निराळे. परतवाडा हे तसे अलीकडचे गाव, हैदराबाद कंटिन्जंटच्या छावणीभोवती वाढलेले. जुन्या कागदांत ते ‘एलिचपूर कॅम्प’ म्हणूनच येते. मूळ गाव नदीपलीकडचे अचलपूर, म्हणजे एलिचपूर. आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथे नबाब म्हणून नांदले ते पन्नी पठाण. नियामतुल्लाच्या वंशवृक्षात ही पन्नी जमात घरघश्त नावाच्या पूर्वजाच्या फांदीवर येते. ती फांदी धरून वर चढत गेले की कैस अब्दुर्रशीद लागतो, त्याच्याही वर अफगाना, मग इर्मिया, मग शौल, आणि शौलाच्या वर याकोबाचा धाकटा मुलगा बन्यामीन. ग्रंथाचा शब्द प्रमाण मानायचा तर एलिचपूरच्या सुलतानगढीत नांदलेल्या पन्नींचे मूळ गाव यरुशलेमच्या उत्तरेला पाच-सहा किलोमीटरवर निघते. तेव्हा आधी त्या मूळ गावाकडे जाऊ.

बन्यामीनचा वंश इस्राएलच्या बारा वंशांत सगळ्यात लहान म्हणता येईल असा. याकोबाची लाडकी बायको राहेल त्याच्या बाळंतपणात, बेथलेहेमच्या वाटेवर, मरण पावली. बापाने या पोराला पदराआड वाढवले. मिसर देशात धान्य आणायला थोरल्या दहा भावांना पाठवले, याला पाठवेना. ही कुटुंबकथा झाली. इतिहासात हा वंश दिसतो तो डोंगराळ मुलखाच्या एका अरुंद पट्ट्यात, उत्तरेला एफ्राईम आणि दक्षिणेला यहूदा अशा दोन दांडग्यांच्या मधे. यरीहो, गिबोन, मिस्पा, गिबा ही त्यांची गावे. जमीन थोडी, पण उत्तर-दक्षिण जाणारी वाट आणि यार्देन नदीकडे उतरणारे घाट त्यांच्या ताब्यात. अशा मुलखातली माणसे लढवय्यी निघतात, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

त्यांची एक खासियत बायबलमध्ये पुन्हा पुन्हा येते: हे लोक डावखुरे. सातशे निवडक डावरे गोफणवाले त्यांच्याकडे होते आणि केसावर नेम धरला तरी त्यांचा दगड चुकत नसे, असे ‘शास्ते’ या पुस्तकात आहे. मवाबचा राजा एग्लोन याला ठार मारणारा एहूद याच वंशाचा. तो नजराणा घेऊन गेला, तरवार उजव्या मांडीला कपड्याखाली बांधून. राजाकडे जाणाऱ्याची झडती डाव्या मांडीकडे होत असावी, कारण उजव्या हाताचा माणूस हत्यार तिथेच बांधतो. एकांतात राजाशी गुप्त बोलायचे आहे म्हणून त्याने सगळ्यांना बाहेर काढले, डाव्या हाताने तरवार उपसली आणि राजाच्या सुटलेल्या पोटात मुठीसकट खुपसली. दार आतून लावून तो निसटला. बाहेर नोकर राजा शौचाला बसला असेल म्हणून ताटकळत राहिले. प्रतापगडाखालची भेट पाठ असलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल.

याच वंशाच्या नावावर एक काळीकुट्ट हकिकतही आहे. गिबा गावात मुक्कामाला उतरलेल्या एका वाटसरूच्या उपपत्नीवर गावगुंडांनी रात्रभर अत्याचार केला आणि ती उंबरठ्यावर मेली. बाकीच्या अकरा वंशांनी गुन्हेगार मागितले. बन्यामीनने ते दिले नाहीत. ‘आमच्या माणसाला आम्ही देणार नाही’ या हट्टापायी यादवी पेटली. शेवटी रिम्मोनच्या खडकावर लपलेले सहाशे पुरुष तेवढे उरले. मग अकरा वंशांनाच पश्चात्ताप झाला. एक वंश नाहीसा होतोय म्हणून या सहाशेंना बायका मिळवून देण्याची खटपट झाली, तीही बायका पळवून. इस्राएलचा पहिला राजा उभा राहिला तो या जवळजवळ निकालात निघालेल्या वंशातून, आणि त्याच बदनाम गिबा गावातून.

शौल हा कीश नावाच्या सुखवस्तू माणसाचा मुलगा. बापाची गाढवे हरवली म्हणून तो एक गडी बरोबर घेऊन शोधायला निघाला. डोंगर पालथे घातले, गाढवे मिळेनात. गडी म्हणाला, या गावात एक द्रष्टा राहतो, त्याला विचारू. शौल म्हणाला, पण द्यायला काय आहे? पिशवीतली भाकरसुद्धा संपली. गड्याकडे पाव शेकेल चांदी निघाली. ते द्रष्ट्याकडे गेले. तो शमुवेल. त्याने सांगितले, गाढवे सापडली आहेत, त्यांची काळजी नको. आणि शौलाच्या डोक्यावर तेल ओतून त्याला राजा केले. इसवी सनापूर्वी हजारच्या आगेमागे, थोडे आधीच, हा काळ येतो. पुढे शौल पलिष्ट्यांशी लढत राहिला, दावीद नावाच्या जावयाचा मत्सर करत राहिला, आणि गिलबोवा डोंगरावर योनाथानासह तीन मुलगे पडलेले बघून स्वतःच्याच तरवारीवर कोसळला. गादी दावीदाकडे, म्हणजे यहूदाच्या वंशाकडे गेली.

गिबा म्हणजे आजचे तेल अल-फूल ही टेकडी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ ऑलब्राइटने १९२२ आणि १९३३ मध्ये तिथे उत्खनन केले आणि सापडलेल्या जुन्या बुरुजाचा संबंध शौलाशी जोडला. १९६० च्या दशकात जॉर्डनचा राजा हुसेन याने त्याच टेकडीवर उन्हाळी महाल बांधायला घेतला. १९६७ चे युद्ध झाले, टेकडी इस्राएलच्या ताब्यात गेली आणि महाल अर्धाच राहिला. काँक्रीटचे खांब आणि स्लॅब, भिंतींचा पत्ता नाही.

दावीदाचा मुलगा शलमोन याच्यानंतर राज्य फुटले तेव्हा बन्यामीनचा मुलूख बहुतांशी यहूदाच्या बाजूने राहिला. पुढच्या सगळ्या गोंधळाची किल्ली इथे आहे. उत्तरेकडच्या दहा वंशांचे राज्य असुरियाने इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास बुडवले. दुसऱ्या सर्गोनने शिलालेखात २७,२९० माणसे हलवल्याची नोंद करून ठेवली आहे. ‘हरवलेले दहा वंश’ म्हणतात ते हे. बन्यामीन त्यांत नाही. तो यहूदाबरोबर राहिला, इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये नबुखद्नेस्सरने यरुशलेम पाडले तेव्हा त्याच्याबरोबर बाबिलोनला गेला आणि इराणच्या कोरेश राजाच्या परवानगीने त्याच्याबरोबर परतही आला. एस्तेर राणी आणि तिचा चुलतभाऊ मर्दखय बन्यामीनी. ख्रिस्ती धर्माचा मोठा प्रचारक पौल बन्यामीनी. त्याचे मूळ नावही शौलच. म्हणजे हा वंश हरवलेला नाही. तो यहुदी समाजात मिसळून गेला.

आता पुन्हा मलकापूर.

नियामतुल्लाच्या मते तालूत मेला तेव्हा त्याच्या दोन बायका गरोदर होत्या. मुलगे झाले, बर्खिया आणि इर्मिया. दाऊदने, म्हणजे दावीदाने, त्यांना वाढवले. बर्खियाचा मुलगा आसफ, इर्मियाचा मुलगा अफगाना. सुलेमानाच्या, म्हणजे शलमोनाच्या, राज्यात आसफ वजीर झाला आणि अफगाना सेनापती. यरुशलेमच्या मंदिराच्या बांधकामावर देखरेख अफगानाची. पुढे बख्तनस्सरने, म्हणजे नबुखद्नेस्सरने, बनी इस्राईलला हाकलले. अफगानाचे वंशज घोर आणि गझनीच्या डोंगरांत जाऊन राहिले. पैगंबरांच्या काळात खालिद बिन वलीदने त्यांना निरोप धाडला, त्यांचा मुखिया कैस मदिनेला गेला, मुसलमान झाला आणि अब्दुर्रशीद हे नाव घेऊन आला. त्याला तीन मुलगे: सरबन, बटन, घरघश्त. या तिघांपासून सगळ्या पठाण जमाती.

बायबल उघडून पाहिले तर शौलाला इर्मिया नावाचा मुलगा नाही, अफगाना नावाचा नातू नाही. कुराणात तालूत आहे, अफगाना नाही. हिशेबही बसत नाही. ग्रंथात कैस हा शौलापासून सदतिसावा. मधली वर्षे सोळाशेच्या वर. म्हणजे दर पिढीला सरासरी चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षे, तीही लढाईत तरणेताठे मरणाऱ्या लोकांची! या ग्रंथाचा पुढे जो संक्षेप झाला त्यात तर तालूत काहींच्या मते यहूदाचा, काहींच्या मते बन्यामीनचा, असे दोन्ही पर्याय देऊन ठेवले आहेत. वंशावळ लिहिणाऱ्याने एवढी सावधगिरी दाखवली की समजावे, त्याच्याही हाती पक्के काही नव्हते.

ही कथा नियामतुल्लाने हवेतून काढली असे मात्र नाही. अफगाण स्वतःला बनी इस्राईल समजतात आणि तीन पूर्वज सांगतात, हे अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त आधीच नोंदवले होते. तोंडी फिरणाऱ्या गोष्टीला मलकापुरात क्रम मिळाला, नावे मिळाली, शाई मिळाली. प्रश्न आहे तो तेव्हाच का, आणि तिथेच का.

पठाणांची त्या वेळची अवस्था बघा. लोद्यांची दिल्ली १५२६ मध्ये पानिपतावर गेली. शेरशहा सूरने ती परत मिळवली, पण सूर घराणेही १५५५ मध्ये संपले. त्यानंतर मोगली राज्यात पठाण म्हणजे हरलेला, बंडखोर, विश्वास टाकू नये असा शिपाई. दरबारात इराणी आणि तुराणी सरदारांचा तोरा. तैमूरचे नाव सांगणाऱ्या बादशहापुढे पठाणाने कोणाचे नाव सांगायचे? जहांगीरने खानजहानला वर काढले ते अपवाद म्हणून. दरबारात कुणी इराण्याने अफगाण म्हणजे राक्षसांची औलाद अशी खिल्ली उडवली आणि खानजहानने चिडून खरे मूळ शोधायला माणसे अफगाण मुलखात पाठवली, अशी कथा या ग्रंथाबरोबर चालत आली आहे. ती शब्दशः खरी मानायचे कारण नाही, पण दुखणे तिच्यात नेमके पकडले आहे. तैमूर कितीही मोठा असो, कुराणात त्याचे नाव नाही. तालूतचे आहे, आणि अल्लाने निवडलेला राजा म्हणून आहे. शिवाय कैस थेट पैगंबरांच्या हातून मुसलमान झाला म्हटले की तुर्क-मोगलांच्या कितीतरी आधीपासून मुसलमान. एका दगडात दोन पक्षी.

याला हसण्याआधी आपण आपल्या घरात डोकवावे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी भोसल्यांचे नाते चितोडच्या सिसोदियांशी जोडून दाखवावे लागले. त्याशिवाय गागाभट्टाचे मंत्र पुढे सरकत नव्हते. वऱ्हाडात इमादशाही स्थापन करणारा फतहुल्ला इमादुल्मुल्क हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला ब्राह्मण मुलगा, लढाईत पकडून आणून मुसलमान केलेला. त्याने एलिचपूर राजधानी करून १४९० च्या सुमारास स्वतंत्र राज्य थाटले आणि थोर पूर्वजावाचून त्याचे काही अडले नाही. पण असे लोक थोडे. गादी मिळाली की पूर्वज लागतो. भाट गावोगाव हिंडायचे ते उगाच नव्हे.

खानजहानचा शेवट वाईट झाला. शहाजहान गादीवर आला तेव्हा त्याच्याशी पटले नाही. तो १६२९ मध्ये आग्र्याहून पळाला, दख्खनेत निजामशाहीच्या आसऱ्याला आला, तिथूनही निघावे लागले आणि १६३१ मध्ये उत्तरेत लढताना मारला गेला. त्याच्या नावाचा ग्रंथ मात्र नकला होत होत पठाणांच्या वस्त्यांतून पसरला.

दख्खनेत पठाण आधीपासून होतेच. नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर ज्याच्यावर तुटून पडला तो बहलोलखान विजापूरचा पठाण सरदार. पन्नींपैकी पहिला मोठा माणूस दाऊदखान. औरंगजेबाच्या अखेरच्या वर्षांत तो कर्नाटकाचा फौजदार झाला, पुढे दख्खनचा नायब सुभेदार झाला, आणि १७१५ मध्ये बुऱ्हाणपुराजवळ सय्यद हुसेन अलीशी लढताना ठार झाला. कर्नूलचे नबाब याच गोतातले.

एलिचपूरला पन्नी आले ते निजामाचे सरदार म्हणून. त्या काळचा वऱ्हाड म्हणजे दोन धन्यांचा मुलूख: सुभा निजामाचा आणि महसुलात मोठा वाटा नागपूरकर भोसल्यांचा. रयतेने दोघांचे पोट भरायचे. अशा ठिकाणी नायबाला एक पाय नागपुरात आणि एक हैदराबादेत ठेवून उभे राहावे लागे. इस्माईलखान पन्नीने ते बरीच वर्षे जमवले. मग हैदराबादेत त्याच्याविषयी संशय वाढला, निजामाची फौज चालून आली आणि १७७५ मध्ये एलिचपूरजवळच्या लढाईत तो पडला. घराण्याची सत्ता मात्र गेली नाही. सलाबतखान आला, त्याच्यामागे नामदारखान. एलिचपूरची सुलतानगढी सुलतानखान पन्नीच्या नावाने ओळखली जाते. शहराला कोट होता, त्याच्या वेशींपैकी दूल्हा दरवाजा लोकांच्या तोंडी आजही आहे.

१८०३ च्या युद्धात सलाबतखान निजामाचा, म्हणून इंग्रजांच्या बाजूचा. २९ नोव्हेंबरला अडगावला भोसल्यांची फौज मोडली. वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या फौजा एलिचपूरला आल्या, जखमींसाठी तिथे इस्पितळ उभे राहिले, आणि तोफा डोंगरातून ओढत गाविलगडाच्या उत्तरेला लवादा गावापर्यंत नेल्या गेल्या. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढून मेला, आणि दोन दिवसांनी देवगावला तह झाला. या मोहिमेत वेलस्लीच्या दिमतीला एक चोवीस वर्षांचा, फारसी जाणणारा मुलकी अधिकारी होता: माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुढे पेशवाई बुडवणारा आणि मुंबईचा गव्हर्नर झालेला तोच.

पठाणांच्या बन्यामीनी वंशाचा निकाल लावणारा माणूसही तोच निघावा, हा योगायोग मला भारी वाटतो. त्याआधी, १७९० च्या सुमारास, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या अंकात नियामतुल्लाच्या ग्रंथाच्या त्या संक्षेपाचा इंग्रजी तर्जुमा आला होता आणि सर विल्यम जोन्सने त्याला टीप जोडून सुचवले होते की अफगाण हे हरवलेल्या दहा वंशांपैकी असावेत. युरोपात या कल्पनेने धुमाकूळ घातला. बायबलातले हरवलेले वंश हिंदुस्थानच्या सीमेवर सापडले म्हणजे पाद्र्यांना पर्वणीच. घाईत कुणाच्या लक्षात आले नाही की खुद्द पठाणांचा ग्रंथ शौलाचे नाव घेतो, म्हणजे बन्यामीनचे, आणि बन्यामीन दहांत मोडतच नाही. पठाण म्हणत होते एक, साहेबाने ऐकले दुसरेच. आणि पुढे साहेबाने ऐकलेले पठाणांनीच उचलले.

एल्फिन्स्टन गाविलगडानंतर नागपूरला भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट होता. तिथून त्याला वकील म्हणून काबूलचा राजा शाह शुजा याच्याकडे धाडले गेले. १८०९ मध्ये तो पेशावरला पोचला. त्याचा काबूलच्या राज्यावरचा ग्रंथ १८१५ मध्ये छापला गेला. त्यात त्याने ही वंशकथा नीट मांडली आणि मग उलगडून बाजूला ठेवली. वंशावळी एकमेकींशी जुळत नाहीत, काळाचा मेळ बसत नाही. आणि दोनशेहून जास्त पुश्तू शब्द घेऊन ताडून पाहिले तर हिब्रू किंवा तिच्या नात्यातल्या भाषांचा मागमूस नाही. पुश्तू ही इराणी कुळातली भाषा आहे हे नंतरच्या भाषाशास्त्राने पक्के केले. डोळे-नाक-दाढी ज्यूंसारखी दिसते, या युक्तिवादाला त्याने फार भाव दिला नाही.

याच वेळी कोकणात बनी इस्राईल खरोखरच नांदत होते, आणि एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला तेव्हा ते त्याच्याच लष्करात सुभेदार-जमादार होते. बेने इस्राएल, तिथल्या गावच्या भाषेत शनिवार तेली. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही त्यांची मूळकथा. यांच्याकडे ना ग्रंथ होता ना शजरा, म्हणजे वंशावळ. होते ते एवढेच: शनिवारी घाणा बंद, खवले आणि पर असलेलाच मासा, मुलाची आठव्या दिवशी सुंता, ‘शेमा’ ही प्रार्थना, आणि नवस फेडताना पोहे-खोबऱ्याचा मलिदा एलियाहू हन्नबीच्या नावाने. आडनावे पेणकर, केहिमकर, दिवेकर, राजपूरकर, आष्टमकर. म्हैसूरच्या युद्धात सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेत पडला. जात विचारल्यावर त्याने बनी इस्राईल म्हणून सांगितले आणि कुराणात ज्यांचे नाव आहे ती माणसे आपण पहिल्यांदाच पाहतोय म्हणून टिपूच्या आईने त्याला वाचवले, असे या समाजात सांगतात. सुटून आल्यावर त्याने १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. तो रस्ता आजही सॅम्युएल स्ट्रीट. कुराणातल्या एका नावाने मलकापुरात एका सरदाराची अब्रू राखली आणि दिवेकराचा तर जीव वाचवला.

यांनाही पुढे दहा वंशांचा मोह सुटला नाही. पाद्री जॉन विल्सनने त्यांना उत्तरेच्या दहा वंशांत बसवले. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराचे स्थलांतर मांडले. या तारखेला पुरावा नाही. पण १९६० च्या दशकात इस्राएलच्या रब्बींनी लग्नाच्या वेळी यांच्या यहुदीपणावर शंका घेतली, तेव्हा हे मराठी बोलणारे लोक यरुशलेममध्ये धरणे धरून बसले आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेकडून आपण पूर्ण यहुदी असल्याचा ठराव करवून घेतला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात पश्चिम आशियाई यहुदी आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही रक्त स्पष्ट दिसले. सरमिसळ हजार वर्षांच्या आतबाहेरची निघाली. पठाणांच्या बाबतीत असा धागा हाती लागलेला नाही. अफगाणिस्तानाने तर १९३० नंतर आपले मूळ आर्यांत शोधायला घेतले आणि इस्राईलची गोष्ट सरकारी पुस्तकांतून मागे पडली. राज्य बदलले, पूर्वजही बदलला.

तेव्हा पन्नी पठाण शौलाचे वंशज होते का, याचे माझे उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. पण एलिचपूरच्या नबाबाला आपण तसे आहोत असे वाटत होते, त्याच्या शिपायालाही वाटत होते, आणि ते वाटणे ज्या पुस्तकाने घट्ट केले ते वऱ्हाडातल्या एका फसलेल्या मोहिमेच्या छावणीत सुरू झाले, एवढे खरे आहे. मलकापूरच्या इतिहासात या गोष्टीला दोन ओळी मिळायला हरकत नाही.

अचलपूर, परतवाडा, बाळापूर, मलकापूर या गावांत जुन्या मुसलमान घरांतून फारसीतले शजरे, सनदा, इनामाचे कागद ट्रंकेत पडून असतात. हिंदू घरांत मोडीचे दप्तर असते तसेच. फारसी वाचणारी पिढी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी मोबाइलवर का होईना स्वच्छ उजेडात फोटो काढून ठेवावेत आणि जाणकाराकडून वाचून घ्यावेत. आदमपासून शौलापर्यंतची वरची नावे सगळ्या शजऱ्यांत सारखीच असतात, ती सोडली तरी चालतील. खालच्या सात-आठ पिढ्या मात्र नीट उतरवून घ्या: कोण कुठल्या लढाईत पडला, कुणाला कोणते गाव इनाम मिळाले, कुणाची मुलगी कुठे दिली. वऱ्हाडाचा इतिहास त्या खालच्या ओळींत आहे.